'विथ द बेनिफिट ऑफ हाइंडसाइट' वाक्यात नेमकं कसं वापरायचं?

निळी_शाई
नमस्कार मंडळी, एक शंका आहे, जरा सविस्तर लिहितेय, वेळ असेल तर वाचा. 'विथ द बेनिफिट ऑफ हाइंडसाइट', म्हणजे घडून गेल्यावर मागे बघताना जे कळतं ते धरून बोलणं, हा इंग्रजी शब्दप्रयोग मला वाचताना नीट कळतो. बातम्यांत येतो, मुलाखतींत येतो, कुणी मोठा माणूस आपल्या जुन्या निर्णयाबद्दल बोलायला लागला की हमखास येतोच, पण स्वतः लिहायला घेतला की माझं वाक्य कुठेतरी लंगडं पडतं आणि नेमकं कुठे ते सापडत नाही.

झालं असं की ऑफिसात एक काम फसलं. जुन्या सिस्टिममधला ग्राहकांचा डेटा नव्या सिस्टिममध्ये न्यायचा होता, तो नेला, सगळे खूश, आणि चार दिवसांनी लक्षात आलं की पत्त्याचे दोन कॉलम रिकामेच गेलेत. मग सगळं काढून परत टाकलं, त्यात पूर्ण आठवडा गेला. टीम लीड मी असल्यामुळे काय चुकलं याचा रिपोर्ट मीच लिहिला, इंग्रजीत. त्यात ही तीन वाक्यं होती, जशीच्या तशी देते:

'इन द बेनिफिट ऑफ हाइंडसाइट, वी शुड टेस्ट द डेटा बिफोर द इम्पोर्ट.'
'विथ द बेनिफिट ऑफ हाइंडसाइट, द डेटा शुड हॅव बीन चेक्ड ट्वाइस.'
'वी विल यूज द बेनिफिट ऑफ हाइंडसाइट इन द नेक्स्ट प्रोजेक्ट.'

आमच्या वरिष्ठ मॅडमनी तिन्हींखाली पेन्सिलीने रेघ मारली. पहिल्या आणि तिसऱ्यापुढे नुसती फुली, पण दुसऱ्यापुढे लिहिलंय 'हे शब्द इथे बसतात का, विचार करा'. आता पहिल्या-तिसऱ्यात व्याकरणाचं काहीतरी गडबडलंय हे मान्य, पण दुसरं तर मी तीन ठिकाणी ताडून बघितलं, त्यात काय चुकलं असेल? मॅडम रजेवर आहेत, आल्यावर सुधारलेला रिपोर्ट द्यायचाय. कुणी वाक्यं देऊन समजावलं तर फार बरं होईल.

खडूफळा
निळी_शाई ताई, दुसऱ्या वाक्याचं व्याकरण बरोबर आहे, त्यात मलाही खोट दिसत नाही. पहिलं आणि तिसरं मात्र सांगतो. वीस वर्षं इंग्रजी शिकवतोय आणि या शब्दप्रयोगात पोरं आणि मोठी माणसं नेमकी याच दोन जागी घसरतात, त्यामुळे तुम्ही एकट्या नाही.

पहिल्यात दोन प्रयोगांची सरमिसळ झालीय. 'इन हाइंडसाइट' हा एक सुटसुटीत प्रयोग आणि 'विथ द बेनिफिट ऑफ हाइंडसाइट' हा दुसरा, लांबचा. 'इन' घेतलं की लगेच 'हाइंडसाइट', मध्ये काही येत नाही. 'बेनिफिट' आणायचं असेल तर सुरुवात 'विथ'नेच. 'बेनिफिट' कायम एकवचनी, त्याच्या आधी 'द' हवाच, आणि 'हाइंडसाइट'च्या आधी 'अ' नाही की 'द' नाही, कारण तो मोजायचा शब्दच नाही, आपण धीर किंवा अक्कल जशी मोजत नाही तसं. आणि बोलताना 'हिंडसाइट' म्हणू नका, 'बिहाइंड'मधला 'हाइंड' आहे तो, अर्थही तोच, मागचा. जनावराच्या मागच्या पायांनासुद्धा 'हाइंड लेग्ज' म्हणतात.

पण खरी मेख काळात आहे, आणि तिथे मराठी आपल्याला भरपूर मदत करते हे कुणी सांगत नाही म्हणून जरा लांबण लावतो. तुम्ही लिहिलंत 'शुड टेस्ट', म्हणजे 'तपासायला हवं'. हे तर अजून करायचंय असं झालं. तुम्हाला म्हणायचंय 'तपासायला हवं होतं'. तो शेवटचा 'होतं' इंग्रजीत 'हॅव' होऊन मध्ये जाऊन बसतो. तपासायला हवं होतं, शुड हॅव टेस्टेड. तपासता आलं असतं, कुड हॅव टेस्टेड. तपासलं असतं, वुड हॅव टेस्टेड. म्हणून मी वर्गात सांगतो की आधी वाक्य मनात मराठीत म्हणा, शेवटी 'होतं' किंवा 'असतं' ऐकू आलं की इंग्रजीत 'हॅव' आणि क्रियापदाचं तिसरं रूप आलंच पाहिजे, आणि ऐकू आलं नाही तर बहुतेक वेळा हा शब्दप्रयोगच त्या वाक्यात बसत नाही.

'बहुतेक वेळा' म्हणालो कारण वर्तमानकाळही चालतो, पण तो बघण्याचा. 'विथ द बेनिफिट ऑफ हाइंडसाइट, इट इज क्लिअर दॅट वी वेअर टू हेस्टी.' आता स्पष्ट दिसतंय की आपण तेव्हा फार घाई केली. दिसतंय आज, घाई झाली तेव्हा. हे दोन काळ एकाच वाक्यात असणं हाच या शब्दप्रयोगाचा जीव आहे. तुमच्या तिसऱ्या वाक्यात तेच नाही, तिथे नुसता पुढचा काळ आहे. मागे बघणं पुढच्या प्रोजेक्टमध्ये वापरता येत नाही, त्यातून मिळालेला धडा वापरता येतो. म्हणून तिथे सरळ 'वी विल अप्लाय व्हॉट वी लर्न्ड' लिहा, हाइंडसाइट काढूनच टाका.

सरावाला काही वाक्यं देतो, वेगवेगळ्या घडणीची.

'विथ द बेनिफिट ऑफ हाइंडसाइट, आय शुड हॅव आस्क्ड फॉर हेल्प सूनर.' सुरुवातीला आला की मागे स्वल्पविराम.

'आय वुड हॅव चोझन डिफरंटली विथ द बेनिफिट ऑफ हाइंडसाइट.' शेवटी आला तर स्वल्पविराम नको. अर्थ, हे सगळं तेव्हा ठाऊक असतं तर मी दुसरंच निवडलं असतं.

'शी डिड नॉट हॅव द बेनिफिट ऑफ हाइंडसाइट व्हेन शी साइन्ड द पेपर्स.' हे मला सगळ्यात आवडतं, कारण इथे तो दुसऱ्याची बाजू घ्यायला वापरलाय. सही करताना तिला पुढचं कुठे दिसत होतं, असा सूर आहे.

'इट इज ईझी टू से दॅट विथ द बेनिफिट ऑफ हाइंडसाइट.' कुणी फार शहाणपण शिकवायला लागलं तर. आता बोलायला सोपं आहे हो, एवढाच अर्थ.

'विथ द ॲडव्हान्टेज ऑफ हाइंडसाइट' असंही वाचायला मिळतं, चूक नाही, पण 'बेनिफिट'च जास्त रुळलेला आहे. आणि 'बेनिफिट ऑफ द डाउट' वेगळं, तो संशयाचा फायदा, त्यात 'डाउट'च्या आधी 'द' लागतो, या दोघांची गल्लत करू नका.

दुभाषी
खडूफळा सर, 'होतं' आणि 'असतं'ची खूण फार छान सांगितलीत, मी इतकी वर्षं भाषांतर करतेय पण असं शब्दांत कधी मांडलं नव्हतं.

मी उलट बाजूने लिहिते, इंग्रजीतून मराठीत आणताना काय होतं ते, कारण त्यातून अर्थाची कड जास्त नीट दिसते. मध्यंतरी एक मजकूर तपासायला आला होता, त्यात चक्क 'पश्चातदृष्टीच्या लाभासह' असं लिहिलेलं होतं. एकेका शब्दाला शब्द ठेवलाय पण असं मराठीत कोण बोलतं? पुढच्याच पानावर त्याच माणसाने त्याच शब्दांसाठी 'उशिरा सुचलेलं शहाणपण' लिहिलं होतं. हे ऐकायला अस्सल मराठी, वाचताना ठेच लागत नाही, आणि मला विचाराल तर हे जास्त धोक्याचं, कारण अर्थच फिरतो आणि कुणाला पत्ता लागत नाही.

आपल्याकडे मागाहून येणाऱ्या अकलेवर म्हणी कमी नाहीत. बैल गेला आणि झोपा केला. वरातीमागून घोडं. पण त्या सगळ्यांत टोमणा आहे बघा. बैल जाऊ शकतो हे ठाऊक असून गोठ्याचा झोपा, म्हणजे दार, आधी केला नाही म्हणून तो माणूस हसण्यावारी जातो. 'उशिरा सुचलेलं शहाणपण' हेही आपण कौतुकाने कधी म्हणत नाही. 'पुढच्यास ठेच मागचा शहाणा' यात टोमणा नाही, पण तिथे शहाणा होणारा माणूसच दुसरा आहे, ठेच एकाला आणि अक्कल दुसऱ्याला.

इंग्रजी प्रयोगात टोमणा नाही. उलट त्यात एक न्यायबुद्धी आहे असं मला वाटतं. तो म्हणतो की आज माझ्या हातात एक गोष्ट आहे जी तेव्हा माझ्या किंवा कुणाच्याच हातात नव्हती, आणि ती हातात धरून मी बोलतोय हे तुम्ही ऐकताना लक्षात ठेवा. 'बेनिफिट' हा शब्द त्यासाठीच आहे. आज मला एक फायदा मिळालाय, तो मी लपवत नाही. म्हणून मी संदर्भ बघून तीनपैकी एक वापरते. साध्या आठवणी असतील तर 'आज मागे वळून बघताना'. हिशोबी, कामाचं लिखाण असेल तर 'आता सगळं समोर आल्यावर'. आणि बोलणारा जर खरोखर त्या फायद्यावर बोट ठेवत असेल तर 'तेव्हा कळायला मार्ग नव्हता, पण आता दिसतंय की'. तिसरा लांब आहे, संपादकांना आवडत नाही, पण मला तोच सगळ्यात खरा वाटतो.

जाता जाता एक, 'हाइंडसाइट' हा शब्द एकोणिसाव्या शतकात बंदुकीसाठी वापरात होता. नेम धरायला नळीवर दोन खुणा असतात, त्यातली डोळ्याजवळची म्हणजे मागची, तिला हे नाव. घडून गेल्यावर दिसणं हा अर्थ इंग्रजीत त्याच शतकात रुळला. 'हाइंडसाइट इज ट्वेंटी-ट्वेंटी' म्हणतात ते डोळ्यांच्या तपासणीवरून, २० फुटांवरून जे दिसायला हवं ते २० फुटांवरून दिसणं म्हणजे नजर साफ. मीटरमध्ये तेच ६/६. नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये अक्षरांचा तक्ता काढला त्याच्याशी जोडलेलं हे माप आहे. मागे बघताना सगळ्यांचीच नजर साफ असते, असा त्याचा भाव.

वाटसरू
मला हा शब्दप्रयोग आवडत नाही, स्पष्टच सांगतो. जिथे जिथे ऐकलाय तिथे तो सुटका करून घ्यायलाच वापरलाय. चुकलो म्हणायचं नसतं तेव्हा हाइंडसाइट. तुमच्या मॅडमना पण तेच खुपलं असेल.

रात्रपाळी
वाटसरू, तुमचं म्हणणं अर्धं पटतं, पण दोष त्या शब्दांचा नाही, कुठे वापरतो त्याचा आहे. माझं कामच बिघाडांचं आहे. रात्री सर्व्हर पडले की उचलायचे आणि सकाळी का पडले याची बैठक घ्यायची. त्या बैठकीत हे शब्द इतके ऐकलेत की आता कुणी उच्चारले की मी एकच प्रश्न विचारतो, ही माहिती त्या वेळी कुणाकडेच नव्हती का?

याचं कारण सांगतो, थोडं आडवळणाने. मानसशास्त्रात याच्यावर बरंच काम झालंय. बारूख फिशहॉफ म्हणून संशोधक आहेत, त्यांनी १९७५ मध्ये एक प्रयोग छापला. १८१४ साली सुरू झालेल्या इंग्रज आणि गुरख्यांच्या लढाईचं वर्णन लोकांना वाचायला दिलं, बहुतेकांना तिचा शेवट ठाऊक नसणार अशीच लढाई निवडली होती. काही जणांना सांगितलं इंग्रज जिंकले, काहींना सांगितलं गुरखे जिंकले, काहींना सांगितलं कुणीच जिंकलं नाही, आणि काहींना शेवट सांगितलाच नाही. मग विचारलं की नुसतं वर्णन वाचून काय होईल असं वाटलं असतं. ज्यांना जो शेवट सांगितला होता त्यांना तोच जास्त शक्य वाटायला लागला, आणि शेवट माहीत नाही असं धरून उत्तर द्या म्हटलं तरी ते डोक्यातून जाईना. त्याच वर्षी त्यांनी रूथ बेथ यांच्याबरोबर आणखी एक छापला. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष निक्सन १९७२ मध्ये चीनला आणि सोव्हिएत युनियनला गेले, त्या दौऱ्यांआधी लोकांना विचारून ठेवलं की अमुक घडेल का, तमुक घडेल का, माओ भेटतील का. दौरे झाल्यावर त्याच लोकांना विचारलं की तुम्ही तेव्हा काय आकडा सांगितला होतात ते आठवा. जे घडलं होतं त्याला आपण आधीच जास्त गुण दिले होते असं लोकांना आठवत होतं. म्हणजे स्वतःचंच जुनं मत माणूस नकळत बदलून ठेवतो.

तर एक गफलत ही, की घडून गेल्यावर सगळं आधीच दिसत होतं असं वाटतं आणि आपण बिचाऱ्या त्या वेळच्या माणसाला झोडपतो. त्याच्यावर उतारा म्हणून हे शब्द चांगले आहेत, दुभाषी ताई म्हणतात ती न्यायबुद्धी. पण याच्या बरोब्बर उलटी गफलतही असते आणि माझ्या बैठकांत तीच जास्त दिसते. त्या वेळी कुणाला तरी दिसत होतं, त्याने तोंड उघडून सांगितलंही होतं, आणि रिपोर्टात लिहिताना आपण 'विथ द बेनिफिट ऑफ हाइंडसाइट' लिहून टाकतो. मग वाचणाऱ्याला वाटतं की कुणालाच माहीत नव्हतं. सांगणारा माणूस त्या वाक्यातून पुसला जातो.

मोठं उदाहरण अमेरिकेच्या चॅलेंजर अंतराळयानाचं. २८ जानेवारी १९८६, उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं, सातही अंतराळवीर गेले. बूस्टरच्या, म्हणजे यानाला वर ढकलणाऱ्या रॉकेटच्या, जोडातलं रबरी कडं थंडीत कडक झालं आणि गरम वायू बाहेर आला हे चौकशीत निघालं. आता कुणी म्हणालं की 'विथ द बेनिफिट ऑफ हाइंडसाइट, दे शुड नॉट हॅव लॉन्च्ड दॅट मॉर्निंग', तर व्याकरण शंभर टक्के बरोबर, आणि तरी वाक्य खोटं. कारण आदल्या रात्री फोनवरच्या बैठकीत बूस्टर बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनियर सांगत होते की एवढ्या थंडीत उडवू नका, ५३ फॅरनहाइटच्या खाली, म्हणजे साधारण १२ सेल्सियसच्या खाली, आमच्याकडे भरवशाचा अनुभव नाही. सांगितलं होतं, ऐकलं गेलं नाही. तिथे मागे वळून बघायची गरजच नव्हती, समोर बघितलं असतं तरी पुरलं असतं.

म्हणून निळी_शाई, तुमच्या दुसऱ्या वाक्याबद्दल मला व्याकरण नाही विचारायचं. तो डेटा दोनदा तपासायला हवा असं इम्पोर्टच्या आधी कुणी म्हणालं होतं का? उत्तर इथे दिलं नाहीत तरी चालेल.

खडूफळा
रात्रपाळी, तुम्ही माझं काम वाढवलंत, आता हे उदाहरण वर्गात घ्यावं लागणार. मी आजवर व्याकरण बरोबर आलं की पुढे जायचो.

मग एक उदाहरण मी टाकतो, ते कुठल्या बाजूला पडतं सांगा. टायटॅनिक. १९१२ मध्ये जहाजावर सुमारे २,२०० माणसं होती आणि २० जीवनौका, त्यांत जागा १,१७८ जणांची. आज ऐकलं की अंगावर काटा येतो. पण ब्रिटिश नियम जहाजाच्या टनांवर होता, माणसांवर नाही, आणि त्या तक्त्यातला सगळ्यात वरचा टप्पा होता '१०,००० टन आणि पुढे', त्याला १६ नौका पुरे. टायटॅनिक ४६,००० टनांचं. म्हणजे नियमात बसून वर चार जास्तच होत्या. इथे 'विथ द बेनिफिट ऑफ हाइंडसाइट, द रूल्स शुड हॅव बीन बेस्ड ऑन द नंबर ऑफ पीपल' हे चालेल ना?

रात्रपाळी
सर, नियम करणाऱ्यांबद्दल म्हणाल तर मी थोडा कचरेन. जहाजं चौपट मोठी झाली आणि तक्ता १०,००० वरच थांबला हे टायटॅनिक बुडायच्या आधीही वाचता येत होतं, ते आकडे काही नंतर जन्माला आले नाहीत. पण त्या जहाजाचं तिकीट काढून चढलेल्या माणसाबद्दल बिनधास्त वापरा. 'विथ द बेनिफिट ऑफ हाइंडसाइट, ही वुड हॅव वेटेड फॉर द नेक्स्ट शिप.' त्याला खरंच कळायला मार्ग नव्हता. घटना एकच, शब्द तेच, पण वाक्यातला कर्ता बदलला की खरेपणा बदलतो.

दुभाषी
कर्ता बदलला की, हे अगदी खरं. आणि आता निळी_शाईचं दुसरं वाक्य परत वाचलं तर त्यात कर्ताच नाहीये. 'द डेटा शुड हॅव बीन चेक्ड.' डेटा तपासला जायला हवा होता. कुणी? कर्मणी प्रयोग आणि हाइंडसाइट दोन्ही एकत्र आले की वाक्यातून माणसं नाहीशी होतात. इंग्रजी सरकारी कागदांत हे इतकं असतं की मराठीत आणताना मला दर वेळी फोन करून विचारावं लागतं की हे केलं कुणी.

वाटसरू
हेच म्हणायचं होतं मला, तुम्ही लोकांनी नीट मांडलंत. शब्दांवर राग काढला, तो मागे घेतो.

निळी_शाई
सगळ्यांचं दोनदा वाचलं. रात्रपाळी, तुमच्या प्रश्नाने काल रात्री झोप लागली नाही. उत्तर इथेच देते, कारण तिथेच अडकलेय.

हो, म्हणालं होतं. टीममध्ये सगळ्यात नवीन एक मुलगी आहे, लागून चारच महिने झालेत. आज सकाळी जुने मेल शोधले. इम्पोर्टच्या आदल्या संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी तिचा मेल आहे. दोनच ओळी. 'ताई, सॅम्पल फाइलमध्ये पत्त्याचे दोन कॉलम रिकामे दिसताहेत. टाकायच्या आधी एकदा बघायचं का?' खाली स्क्रीनशॉट, त्यात तिने त्या दोन कॉलमांभोवती लाल चौकट काढलेली. आणि त्याखाली माझं उत्तर, 'सॅम्पल अर्धवट असेल, उद्या टाकून घेऊ, मग बघू.' मी तिची फाइल उघडलीसुद्धा नव्हती, मी मीटिंगमध्ये होते, फोनवरून उत्तर दिलं.

आणि रिपोर्ट लिहिताना मला हे आठवलं नव्हतं. हे मी शपथेवर सांगते. मला मनापासून असंच वाटत होतं की हे कुणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं, नंतरच कळलं. रात्रपाळी, तुम्ही निक्सनच्या दौऱ्यांचं लिहिलंत ना, लोकांना आपलं जुनं मत बदलून आठवतं, तिथे मी थांबले आणि मेल शोधायला उठले. मॅडमना तो मेल कॉपीत होता. त्यांनी म्हणूनच 'बसतात का' असं विचारलं असणार.

आता वाक्य कसं लिहू? तिचं नाव घ्यावं का? ती नवीन आहे, तिला अवघड वाटेल का?

रात्रपाळी
आधी तिला विचारा, नाव घालू का म्हणून. बहुतेक हो म्हणेल. आमच्याकडे नाव न घालता 'टीममधून सूचना आली होती' असंही लिहितात, पण ती सूचना कुणाकडे आली आणि त्याने काय केलं हे मात्र पाहिजेच, नाहीतर परत वाक्यातून माणूस गायब.

खडूफळा
वाक्याचं मी बघतो. हाइंडसाइट नको. 'ऑन द ईव्हनिंग बिफोर द इम्पोर्ट, अ टीम मेंबर रिपोर्टेड टू एम्प्टी कॉलम्स. आय डिड नॉट ओपन द फाइल. आय शुड हॅव.' तिसरं वाक्य तेवढंच ठेवा, 'हॅव'वर संपवा, पुढे 'ओपन्ड इट' लिहायची गरज नाही, इंग्रजीत ते आपोआप धरलं जातं. 'शुड हॅव' राहिलाच बघा, 'हवं होतं' आहे म्हणून, पण आता कर्ता 'आय' आहे.

आणि रिपोर्टात हा शब्दप्रयोग खरंच कुठे बसतो का तेही शोधा. असा एखादा भाग असेलच जो कुणालाच माहीत नव्हता.

निळी_शाई
आहे सर. जुनी सिस्टिम एका ठरावीक लांबीपेक्षा मोठा पत्ता आला की तो कॉलम रिकामा सोडते आणि काही एरर दाखवत नाही. हे आम्हाला सगळं परत टाकत असताना, त्याच्या तिसऱ्या दिवशी, ती बनवणाऱ्या लोकांशी बोलल्यावर कळलं, त्यांच्या कागदपत्रांतही कुठे लिहिलेलं नाही. आम्ही साधी दुसरी फाइल फॉरमॅट निवडली असती तर हे झालंच नसतं, पण ती निवडायचं तेव्हा काही कारणच नव्हतं. तर असं लिहिलंय: 'विथ द बेनिफिट ऑफ हाइंडसाइट, वी वुड हॅव चोझन द अदर फाइल फॉरमॅट; ॲट द टाइम, नथिंग इन द डॉक्युमेंटेशन सजेस्टेड अ प्रॉब्लेम.' बरोबर आहे का?

खडूफळा
बरोबर. 'वुड हॅव' आहे, कर्ता आहे, आणि अर्धविरामापुढे तेव्हा काय ठाऊक होतं तेही आहे. तसंच ठेवा.

दुभाषी
मराठीत 'तेव्हा कळायला मार्ग नव्हता' असंच करीन मी याचं, एका शब्दाचा फरक न करता.

निळी_शाई
धन्यवाद सगळ्यांना. तिच्याशी बोलले आत्ता जेवणाच्या सुट्टीत. मेल दाखवला आणि म्हटलं मी तुझी फाइल उघडली नव्हती, रिपोर्टात तसं लिहितेय, तुझं नाव घालू का. ती आधी नुसतीच माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, 'घाला ना ताई, मला वाटत होतं मीच नीट सांगितलं नाही.' चार आठवडे ती हे मनात धरून होती. नाव घातलंय. रिपोर्ट उद्या सकाळी मॅडमच्या टेबलावर जाईल.